काटदरे साळिंदर आणि अठ्ठ्याण्णव टक्के

एका जंगलात, बाळांनो, तुडुंब भरलेला पाणवठा होता आणि सगळे प्राणी तहानलेले होते. हसू नका. सिंहमहाराजांचा हुकूमच तसा होता. कॉम्प्युटरची चिठ्ठी असेल त्यालाच पाणी. बिनचिठ्ठीचा घोट घेतला की हद्दपार!

चिठ्ठ्या काढायचं काम काटदरे साळिंदराकडे होतं. बिचारा पापभीरू प्राणी. त्या दिवशी वरून फर्मान आलं म्हणून त्यानं कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टिम टाकली. पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली, ‘काम चालू आहे. यंत्र बंद करू नये.’

काटदरे हात जोडून बसला. टक्के हळूहळू चढू लागले.

खिडकीशी चितळमावशी पाडसाला घेऊन उभी होती. “काटदरेभाऊ, लेकराच्या घशाला कोरड पडलीय हो!”

“अठ्ठ्याण्णव टक्के झालं, मावशी. आलंच बघा.”

तेवढ्यात अस्वलसाहेब आले. “नुसता बसलायस काय? बंद करून चालू कर!”

“साहेब, तिथं लिहिलंय की…”

“लिहिलेलं वाचत बसलो असतो, तर साहेब झालो असतो का रे?” खट्! टक्के शून्यावर.

मग तज्ज्ञ म्हणून वानर आला. त्यानं मान हलवली आणि बटण दाबलं. कोल्ह्यानं नारळ फोडला आणि बटण दाबलं. सगळेच दाबताहेत म्हणताना गाढवानंही दाबलं. दर वेळी पुन्हा शून्य.

ऊन कलायला लागलं. पाडस मटकन खाली बसलं. काटदरे उठला, बटणाला पाठ लावून बसला आणि त्यानं सगळे काटे फुलवले.

साहेबांनी तरीही पंजा घातलाच. केवढ्यानं बोंबलले म्हणता! पण बटण वाचलं. शंभर टक्के झाले आणि चिठ्ठी बाहेर आली. पाडस पाणी प्यायला लागलं, तेव्हा काटदऱ्याला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. बटण सगळ्यात शेवटी गाढवानं दाबलं होतं, तेव्हा कॉम्प्युटर त्यानंच दुरुस्त केला, असं ठरलं. गाढवाला शाल-श्रीफळ मिळालं. साहेबांना काटे टोचल्याबद्दल काटदऱ्याला घरी बसवलं आणि त्याच्या खुर्चीवर गाढवाची नेमणूक झाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चितळमावशी तेवढी पाडसाच्या कानाशी लागली. “आत्ताच पोटभर पिऊन घे रे राजा. पुढची सिस्टिम येतेय.”

तात्पर्य : यंत्र अडलं, की काही ना काही दाबत राहावं. गप्प बसून भलं करणाऱ्याला शाल मिळत नाही. आणि मिळालीच, तर त्याच्याच काट्यांत अडकून फाटते.