खलनायकाची आवस

कुठल्याही वाईट माणसाची गोष्ट नवसोला सांगून बघा. चोराची सांगा, पुढाऱ्याची सांगा, पुराणातल्या राक्षसाची सांगा. तो शेवटपर्यंत ऐकेल, मान हलवेल, मग डोळे बारीक करून विचारेल, "ता सगळां खरां. पण ह्येची आवस खय आसा?"

आवस म्हणजे आई, खय म्हणजे कुठे. गोव्याच्या टोकाला आमच्या पेडण्यात बरेच लोक आवय म्हणतात. नवसोचा बाप सिंधुदुर्गातला, म्हणून नवसोची आवस.

एकदा देवळात कीर्तनकार बुवा दुर्योधनाला झोडपत होते. नवसो मागच्या खांबाला टेकून बसला होता. तिथूनच म्हणाला, "बुवा, तेच्या आवशीन डोळ्यांक पट्टी बांधलेली. झील काय करता ता कोण बघतलो?" बुवांनी थोडा वेळ टाळ वाजवले आणि कथा दुसऱ्या दिवसावर ढकलली.

दुसऱ्यांदा वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, नारळ चोरणारा सापडला. लोकांनी त्याला माडालाच बांधला. दांडे वगैरे आणले. नवसो सिलिंडरची रिक्षा थांबवून आला आणि त्याने आपला प्रश्न विचारला. चोर म्हणाला, आई घरी आहे. "मगे लाव फोन तिका. सांग खय आसंस ता." चोर रडायलाच लागला. "मारा, पण फोन नको!" लोकांचा सगळा उत्साह गेला. त्याला चहा पाजून सोडावा लागला.

नवसो गॅसचे सिलिंडर पोचवतो. वय पंचविशीचं, अंगाने काटकुळा, मिशी मात्र दुसऱ्या कुणाकडून उसनी आणल्यासारखी. सिलिंडर खांद्यावर घेऊन चढण चढताना तो हसण्याचा सराव करतो. साधं हसणं नव्हे. राक्षसी, तीन मजली, शेवटी घशात घोळणारं. आमच्या वाड्यावर गॅस आल्याची खूण म्हणजे हे हास्य. ते ऐकलं की बायका रिकामा सिलिंडर बाहेर काढतात आणि कुत्रे आत जातात.

सराव कशासाठी, तर नाटकासाठी. आमच्याकडे जत्रा म्हटली की मराठी नाटक आलंच, आणि पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठल्याही वाड्याला खलनायक कमी पडला की नवसोला बोलावतात. नायकाचं काम त्याने आजवर केलेलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "हिरोक काय आसता, बाय? तेचां सगळां आधीच बरां आसता."

त्याच्यामुळे एका नाटकाचा बोऱ्या वाजला होता, ते सांगायलाच हवं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायची रीत आहे. गावाच्या वतीने एक जण देवापुढे मागणं मांडतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. ही सवय इतकी हाडात भिनलेली की तो सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं. त्या नाटकात नवसो असुर होता. राजाला मारायच्या आधी त्याला काय सुचलं कोण जाणे, तो देवळाकडे वळला आणि गाऱ्हाण्याच्या सुरात म्हणाला, "बा देवा म्हाराजा! ह्या राजाचो आज निकाल लागांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्ख्या मंडपाने गर्जना केली.

राजाचं काम करणारे गृहस्थ पंचायतीत होते. प्रजेचा कौल असा उघड ऐकल्यावर त्यांनी तलवार म्यान केली, ती त्या प्रवेशात पुन्हा उपसलीच नाही.

आता नवसोच्या स्वतःच्या घराबद्दल. तो जन्मला कारापूरला, डिचोलीच्या खाणपट्ट्यात. बाप खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, बाप दारूच्या दुकानात बसला. आई एके दिवशी घरातून गेली ती परत आली नाही. कुणी म्हणतं दुसऱ्याबरोबर गेली, कुणी म्हणतं एकटीच गेली. पाहिलेलं कुणीच नाही, पण लोकांनी एक शब्द पक्का करून ठेवला: पळाली. खाणी कुणी बंद पाडल्या, कुणी लुटल्या, यावर बोलताना हेच लोक "आमका काय ठावक" म्हणतात. बाईच्या बाबतीत मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

बापाने पोराला आमच्या गावात, आपल्या बहिणीकडे आणून सोडलं. आतेने त्याला जेवू घातलं, शिकवलं, सगळं केलं. पण वहिनीचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही. लागलंच तर "ती". आमच्याच देवीला नवस बोलून हा मुलगा झाला, म्हणून हा नवसो. नवस बोलणारीचं नाव मात्र गावात कुणालाच घ्यायचं नव्हतं.

नवसो शाळेत होता तेव्हाचं मला आठवतं. देवळात गाऱ्हाणं घालायला आपाकाका उभे होते. आपाकाकांचा आवाज शंखासारखा. कानांनी मात्र कमी ऐकू येतं. नवसो पुढे होता, मी मागे नारळ घेऊन उभी होते. "आपाकाका, माझ्या आवशीसाठी गाऱ्हाणां घाला," तो म्हणाला. आपाकाकांनी तीनदा "काय?" म्हटलं, त्यामुळे सगळ्या देवळाला ऐकू गेलं. मग ते म्हणाले, "घर सोडून गेलेल्या बायलेचां नाव देवाफुडे घेवची रीत नाय, बाबा." नवसोने आपला नारळ उचलला आणि तो घरी गेला.

ही रीत कुठे लिहिलेली आहे, असं मी आजही विचारते.

असो. मी आमच्या डोंगर वाचवा समितीची पत्रकं लिहिते. गावामागचा डोंगर कापून त्यावर बंगले बांधायचे आहेत. प्रत्येक बंगल्याला पोहायचा तलाव, आणि खाली आमच्या विहिरी आतापासूनच फाल्गुनात तळ दाखवतात. जत्रेनंतरच्या रविवारी ग्रामसभा होती. पत्रक लोक हातात घेतात आणि त्यात भजी बांधतात, म्हणून यंदा जत्रेत आम्ही नाटकच करायचं ठरवलं. लिहिलं मी. त्यातला खलनायक युवराज: तरुण, काळा चष्मा, बिल्डरचा एजंट. येतो, हसतो, जमिनी घेतो. शेवटच्या प्रवेशात गावकरी त्याला हाकलून देतात. लोक संतापून घरी गेले पाहिजेत, एवढाच माझा हिशेब होता.

कामासाठी नवसोशिवाय कोण? संहिता वाचून तो म्हणाला, "बरां लिवलंस. पण ह्येची आवस खय आसा?"

"नाहीये. एजंटाला आई लागत नाही."

"माका लागता. तेच्याबिगर माका हसूक जमाचा नाय. माणूस कसो हसता, ता आवशीर आसता."

तालमी आतेच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, चालायच्या. रोज नवसो युवराजसाठी नवीन पूर्वायुष्य घेऊन यायचा. युवराजचा बाप ड्रायव्हर. युवराजला शाळेत "खाणीचो उंदीर" म्हणायचे. एक दिवस आला तो डोळे चमकवत. "बाय, गावला! तेंचो ट्रक दारात उभो आसा. आवशीन हौद्यात माती भरून तांबडी भाजी लावली. युवराज चाकार पाय ठेवन चढता आणि भाजी खुडता."

"ट्रकमध्ये भाजी? नवसो, लोक हसतील."

"हसतीत कशाक? बरी वाढता. कोंबयो वर चढनत नाय."

आते आतून चहा घेऊन येत होती. ट्रकातली भाजी ऐकून तिने चहा उंबऱ्यावरच ठेवला आणि ती परत फिरली; तो ट्रक कुणाच्या दारातला, ते मला नको तेवढं कळलं. तरी मी ऐकलं नाही. मी त्याला सरळ सांगितलं, युवराजची दया आली की लोकांचा राग पातळ होतो, आणि पातळ रागावर ग्रामसभा जिंकता येत नाही. भाजी नाही, ट्रक नाही, आई तर नाहीच.

"बरां," नवसो म्हणाला. त्याचं "बरां" मी खरं मानलं.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला नाटक सुरू झालं. मंडप भरलेला. पुढच्या रांगेत आपाकाका, त्यांच्या मागे आते. युवराज आला तेव्हा पोरं ओरडली, बायकांनी बोटं मोडली. एका म्हाताऱ्याने चप्पल काढून हातात घेतली. मी विंगेत उभी राहून मनातल्या मनात ग्रामसभा जिंकत होते. फक्त एक गोष्ट खटकत होती: नवसो एकदाही हसला नव्हता. हास्याच्या जागा तो नुसते ओठ हलवून सोडून देत होता.

शेवटचा प्रवेश आला. गावकरी काठ्या घेऊन धावले. युवराजने पळायचं, असं संहितेत होतं. तो पळाला नाही. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, देवळाकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

"ह्यो युवराज तुझ्या पायाकडे उभो आसा. ह्येना डोंगर इकूक काढलो. ता पाप ह्येच्याच माथ्यार ऱ्हवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काठ्यावाले गावकरीसुद्धा म्हणाले. चला, मला वाटलं, हे चालेल.

"पण ह्येची आवस... ट्रकाच्या हौद्यात तांबडी भाजी लावन जिणा झिलाक जेवूक घातलां ती आवस... खय आसात थय तिच्या माथ्यार छप्पर आसांदे. शिताकडयेक, दोन घासांक कमी पडा नको, म्हाराजा!"

"व्हय म्हा..." अर्ध्यावर लोकांच्या लक्षात आलं. शेवटचा शब्द मंडपातून पूर्ण आलाच नाही. आतेने पदराचं टोक दातांत धरलं होतं.

नवसोने आवाज चढवला नाही. "तिचां जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घे. आणि तिच्या झिलान फुडे काय काय केल्यान, ता तिका कळा नको, म्हाराजा."

कुणीच काही म्हणेना. हा प्रवेश आता कसा संपवायचा, ते मला सुचेना. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून शंख वाजावा तसा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

आपाकाका. त्यांच्या मागून आते, काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण ओठ हलले. मग सगळा मंडप. दुर्योधनासारख्याचा बचाव करणाऱ्या या पोराच्या मागे उभं राहून गावाने अगदी जोरात, नेहमीच्या सुरात म्हटलं, व्हय म्हाराजा. मी पडदा पाडला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

रविवारच्या ग्रामसभेत काय झालं ते मी वेगळ्या पत्रकात लिहिलं आहे. थोडक्यात, विषय पुढे ढकलला. आमच्याकडे यालाच विजय म्हणतात.

पण जत्रेच्या त्या रात्री, पडदा पडल्या पडल्या, मी चांगलीच तापून रंगपटात गेले. नवसो खोबरेल लावून मिशी पुसत बसला होता. मिशी तर खरी होती, ती पुसून काय होणार, ते त्यालाच माहीत. मला बघून म्हणाला, "बाय, हसूक जमला नाय. चुकलंय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि आपाकाका आत आले. माझी खात्री होती की म्हाताऱ्याला काही ऐकू गेलेलं नाही. सूर कानावर पडला, सवयीने तोंड उघडलं. आता रीत मोडली म्हणून बोलायला आले असतील, असं वाटलं. त्यांच्या हातात फोडलेल्या नारळाची कवड होती. गाऱ्हाणं घातलं की ज्याच्यासाठी घातलं त्याला ती देतात.

"गाऱ्हाणां घातलंस, आणि नारळ कोण न्हेतलो?" त्यांनी कवड नवसोच्या हातात ठेवली. "आणि अर्धवट घातलंस. नाव घेवक नाय. नावाबिगर देवाक माणूस कसो गावतलो? काय नाव तिचां?"

नवसो कवडीकडे बघत काहीतरी पुटपुटला. मी शेजारी उभी होते, मलाही कळलं नाही.

"काय?" आपाकाकांनी कानाला हात लावला.

नवसो पुन्हा बोलला.

"मोठ्यान सांग रे! माका आयकूक येणा नाय!"

तेव्हा नवसो उठून उभा राहिला आणि जत्रेतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणाऱ्या आपल्या असुराच्या आवाजात म्हणाला, "शेवंती!"

बाहेर मंडपात खुर्च्या आवरण्याचा खडखडाट चालला होता. तो थांबला.