डोरीनबाईंचा वळू

बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली, की करोनाच्या टाळेबंदीत येत्या शनिवारपासून एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घेता येईल. म्हणजे त्या घरच्यांकडे जाता येईल, राहता येईल आणि मुख्य म्हणजे त्यांना हात लावता येईल. बातमी संपायच्या आत डोरीनबाई ऑल्डरसन यांनी लीड्सला लेकीला फोन लावला.

"शनिवारी अकरा वाजता," त्या म्हणाल्या.

"आई, आम्ही अजून बातमी ऐकतोय," हेदर म्हणाली.

"ऐका, ऐका. पण अकरा म्हणजे अकरा."

नात मेबल नऊ आठवड्यांची झाली होती आणि डोरीनबाईंनी तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. त्यातही निम्मा वेळ जावयाचा अंगठाच दिसायचा. तीन महिने त्या एकट्या राहिल्या, एकट्या जेवल्या, टपालवाल्याशी खिडकीतून बोलल्या, आणि कुरकुर म्हणून केली नाही. आता मात्र त्यांना ते बाळ हातात हवं होतं.

"एकच भीती आहे," हेदर म्हणाली. "तुमच्याकडची गर्दी. मेबल चालत्या गाडीत झोपते, पण गाडी थांबली की अख्खं गाव गोळा करते. दवाखान्यात नेताना दहा मिनिटं अडकलो तर रडून रडून निळी पडली होती. तसं झालं तर मी आल्या पावली परत फिरेन, आई. आत्ताच सांगून ठेवते."

भीती खरी होती. मे महिन्यात लोकांना गाडीने कुठेही फिरायला जायची मोकळीक मिळाली आणि कुणीतरी आमच्या थॉर्नगिलच्या धबधब्याचा फोटो चहूकडे पाठवला. तेव्हापासून शहरातली यच्चयावत माणसं तिथे चालायला येऊ लागली. धबधब्याची पायवाट डोरीनबाईंच्या कुरणातून जाते आणि ती पूर्वापार सार्वजनिक आहे, त्यामुळे फाटकाला कुलूप घालायची सोय नाही. गाड्या उभ्या राहायच्या त्या बाईंच्या दारापर्यंतच्या गल्लीत. गल्ली एका गाडीपुरती, दोन्ही बाजूंना दगडी बांध. मागच्या शनिवारी तिथे दुधाचा टँकर दोन तास अडकून पडला होता.

गुरुवारी डोरीनबाईंनी एक पाटी रंगवली. त्यांचं वळणच सभ्य. पाटीवर लिहिलं होतं, 'आपण आलात याचा आनंद आहे. तरी कृपया शक्य असल्यास शनिवारी गल्लीत गाडी उभी न करण्याचा विचार करावा. तसदीबद्दल क्षमस्व.' लोकांना ती पाटी फार आवडली. त्यांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. एका जोडप्याने दारापुढे जॅमची बाटली ठेवली आणि जाता जाता इथे शौचालय कुठे आहे ते विचारलं.

"अशी पाटी लावलीस तर शनिवारी बसा भरून येतील," शेजारचा अर्नॉल्ड बांधापलीकडून म्हणाला. अर्नॉल्ड मेंढपाळ, आणि बिनमागता सल्ला देण्यात त्याचा हात धरणारा खोऱ्यात कुणी नव्हता. "तुझ्या नवऱ्याची ती जुनी पाटी कुठंय? 'वळूपासून सावध' वाली?"

"गोठ्यात आहे. पण ड्यूकला विकून अकरा वर्षं झाली."

"वळू विकलास, पाटी तर नाही ना विकलीस?"

शुक्रवारी सकाळी पाटी फाटकावर चढली. परिणाम झाला, पण भलताच. आधी लोक कुरणातून निदान पुढे तरी जायचे. आता ते बांधाला टेकून वळू दिसायची वाट पाहत उभे राहिले. पोरांना खांद्यावर घेतलं गेलं. दुपारी हिरव्या टोपीतल्या एका बाई घरापर्यंत आल्या आणि नीट दोन मीटरवर थांबल्या.

"माफ करा हं, तो वळू कुठे आहे? मुलं तासभर थांबलीत."

डोरीनबाईंना उभ्या आयुष्यात खोटं बोलता आलं नव्हतं. खरंही बोलायची सोय नव्हती. "असेल इथेच कुठेतरी," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. चुलीवरच्या फळीवर नवऱ्याच्या फोटोत त्याच्या शेजारी ड्यूक होताच.

शनिवार उजाडला. नवाला चार गाड्या दिसल्या. पण साडेनऊनंतर पाचवी आली नाही, आणि दहाला त्या चारही निघून गेल्या. गल्ली रिकामी झाली. गर्दी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच डोरीनबाईंना स्वतःच्या कुरणातले पक्षी ऐकू आले. त्यांनी चहासोबतचे स्कोन-पाव भट्टीत सरकवले, बाळासाठी विणलेलं पिवळं स्वेटर तिसऱ्यांदा घडी केलं आणि मनातल्या मनात अर्नॉल्डच्या अकलेला मान दिला.

सव्वाअकराला अर्नॉल्ड धापा टाकत बांधावरून आला.

"डोरीन, तुझा वळू सुटलाय."

"माझ्याकडे वळूच नाही."

"ते तुला माहीत आणि मला माहीत. पोलिसांना कोण सांगणार? हिरव्या टोपीवाली कुणी बाई सकाळी परत आली. फाटक सताड उघडं, कुरण रिकामं, आणि पाटी म्हणते वळू. घरमालकीण काल काय म्हणाली? असेल इथेच कुठेतरी. तिने इमाने इतबारे फोन केला. आता पुलावर रस्ता बंद आहे. कुणी आत येत नाही."

डोरीनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "हेदर?"

"पुलापलीकडे रांगेत. बाळाचा आवाज मला मेंढ्यांपर्यंत ऐकू आला." अर्नॉल्ड जवळ सरकला, मग आठवण होऊन मागे सरला. "हे बघ, घाबरू नकोस. माझी म्हातारी गाय दोरी लावून नेतो आणि सांगतो की सापडला वळू."

"तुझ्या गाईला आचळं आहेत, अर्नॉल्ड."

"शहरातली पोरगी आहे ती पोलिस. तिला काय कळतंय?"

डोरीनबाईंनी भट्टी बंद केली, काठी घेतली आणि चालायला लागल्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या फाटकापलीकडे चालत गेल्या नव्हत्या आणि पूल चांगला मैलभर लांब होता. निम्म्या वाटेवर बाळाचं रडणं कानावर आलं, तेव्हा त्यांना खुबा आहे याचाही विसर पडला.

पुलावर कॉन्स्टेबल बेथनी शॉ उभी होती. तिच्यामागे गाड्यांची रांग, गाड्यांबाहेर माणसं, प्रत्येक कुटुंब दुसऱ्यापासून अंतर राखून. म्हाताऱ्या बाईला एकटीच येताना पाहून तिचा रंग उडाला.

"मिसेस ऑल्डरसन, तिथेच थांबा. वळू सुटलाय, मी तुम्हाला न्यायला येते."

"वळू नाहीये," डोरीनबाई म्हणाल्या. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून त्या जरा मोठ्याने बोलल्या. "कधीचाच नाहीये. तुम्ही सगळ्यांनी आज येऊ नये म्हणून मी पाटी लावली. मला लाज वाटते."

हिरव्या टोपीतल्या बाई पुढेच होत्या. "पण तुम्ही म्हणालात असेल इथेच कुठेतरी."

"आहे ना. फळीवर, फोटोत."

कॉन्स्टेबलने वही काढली. "खोटी पाटी लावून सार्वजनिक पायवाटेवरून लोकांना घालवणं हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"आता झालं ठाऊक. काय लिहायचं ते लिही. पण त्याआधी रांगेतल्या एका गाडीकडे जाऊ दे मला. माझी नात आहे तिथे. नऊ आठवड्यांची झाली, मी अजून तिला हातात घेतलेलं नाही."

कॉन्स्टेबलने वही उघडी धरली आणि रांगेकडे पाहिलं. हेदरची गाडी सदतिसावी होती. रस्ता मोकळा केला असता तरी छत्तीस गाड्या तिच्या आधी गल्लीत शिरल्या असत्या, आणि आमच्याकडे माणूस एक वेळ प्राण सोडेल पण रांग मोडणार नाही. 'आमचं बाळ आहे, पुढे घ्या' असं म्हणणं हेदरला सुचलंही नव्हतं. सुचलं असतं तर डोरीनबाईच तिला रागावल्या असत्या.

त्या रांगेच्या कडेने चालत गेल्या. एकेक गाडी मागे पडत गेली आणि त्यांना वाट द्यायला माणसं गवतात, बांधावर उभी राहिली, एक जण तर ओढ्यात उतरला. हेदरने दार उघडलं. तिचे स्वतःचेच डोळे रडून सुजले होते. "आई, मी परत निघणारच होते," ती म्हणाली आणि ते तांबडं, संतापलेलं गाठोडं तिने आईच्या हातात दिलं.

मेबलने एक हुंदका दिला, आजीच्या बटणाकडे बघितलं आणि गप्प झाली. डोरीनबाई मात्र गप्प झाल्या नाहीत. तीन महिन्यांत न काढलेलं सगळं रडणं त्यांनी तिथेच, त्या रस्त्यावर काढलं. आजूबाजूच्या शंभरएक माणसांना एकदम आभाळात काहीतरी बघण्यासारखं दिसू लागलं. कुणी बुटांच्या नाड्या बांधायला वाकलं. कॉन्स्टेबलने वही मिटून खिशात टाकली.

तेवढ्यात अर्नॉल्ड गाय घेऊन पोचला.

"सापडला," तो म्हणाला.

कॉन्स्टेबलने गाईकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मी शेतकऱ्याची मुलगी आहे, काका," ती म्हणाली. "आणि हे पुलाजवळचं गवत कापलेलं कुरण कुणाचं?"

"माझंच."

"छान. मग गाड्या तिथे लागतील, आजपासून. इथून लोक चालत जातील. चालायलाच आलेत ना ते?"

अर्नॉल्डने गाईची दोरी हाताला गुंडाळली आणि कुरणाचं फाटक उघडायला गेला. त्या दिवसापासून गल्लीत गाडी आली ती फक्त हेदरची. त्या दुपारी मात्र डोरीनबाई मेबलची ढकलगाडी ढकलत घरी चालत गेल्या आणि दोन मीटर मागे शंभरएक माणसं त्यांच्याच चालीने, मुकाट चालत राहिली. पुढे कुणी गेलं नाही.

वळूची पाटी काढायचा हुकूम झाला होता. डोरीनबाईंनी ती काढली, उलटी केली, मागच्या बाजूला चार शब्द रंगवले आणि परत फाटकावर लावली. 'बाळ झोपलंय. हळू चाला.' या पाटीने जे केलं ते कायद्यालाही जमलं नव्हतं. लोक चवड्यांवर चालत जायचे, फाटक हलक्या हाताने लावायचे, कुत्र्यांना दटावायचे.

जुलैतल्या एका बुधवारी कॉन्स्टेबल शॉ गस्तीवर आली. पाटी जागेवर होती. घर शांत होतं. अंगणातल्या दोरीवर एकही लंगोट वाळत नव्हता.

"मिसेस ऑल्डरसन," तिने विचारलं, "बाळ कुठे आहे?"

डोरीनबाई दारात बसून पुढच्या मापाचं स्वेटर विणत होत्या. मेबल दर शनिवारी येत होती आणि सोमवारी लीड्सला परत जात होती.

"असेल इथेच कुठेतरी," त्या म्हणाल्या.

कॉन्स्टेबलने पाटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि फाटक आवाज न करता लावून घेतलं.