विश्वनाथअप्पांची कानडी

सोनपेठात विश्वनाथअप्पांच्या टायपिंगच्या दुकानात कीबोर्डला हात लावण्याआधी भाषा सांगावी लागते. "पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात बगा! कोणती भाषा चालू हाय?" असं अप्पा एवढ्या जोरात ओरडतात, की गिऱ्हाईक हात मागे बांधून उभं राहतं.

त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, मीच टाकून दिली. मी शाळेत संगणक शिकवतो आणि त्यांच्या शेजारी राहतो, त्यामुळे नवनव्या भाषा टाकून घ्यायची त्यांची हौस आपसूक माझ्या गळ्यात पडली. इंग्रजी, मराठी झालं. मग उर्दू शाळेच्या नोटिसांसाठी उर्दू आली. प्रत्येक भाषेची अक्षरं कागदावर छापून अप्पांनी बटणांवर डिंकाने चिकटवली. काही बटणं आता दाबली की वर यायलाच तयार नसतात.

गेल्या वर्षी काकूंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, झटका आला. उजवी बाजू गेली आणि मराठीही गेली. काकू बिदरकडच्या. चाळीस वर्षं आमच्याशी मराठी बोललेली बाई आता फक्त कानडी बोलते, तेही बोबडं. माहेरचं कुणी उरलेलं नाही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, काकूंची खाटही तिथेच. दिवसभर त्या एकच वाक्य म्हणायच्या आणि अप्पांच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

असे दहा महिने गेल्यावर अप्पा माझ्याकडे आले. "सर, कानडी टाकून द्या की. गिऱ्हाईक इचारायलंय."

"काय अप्पा, बिदरला शाखा काढता का?" मी म्हणालो. येत्या रविवारी बघू म्हणालो आणि असे चार रविवार घालवले. त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटी कानडी टाकून दिली. मराठीत 'क' ज्या बटणावर, कानडीतही त्याच बटणावर. त्यामुळे अप्पांना एक अक्षर वाचता येत नसलं तरी बोटं धावायला लागली. इतकी, की भाषा बदलायची राहिली आणि शेततळ्याच्या एका अर्जाच्या शेवटच्या चार ओळी कानडीत छापून कचेरीत गेल्या. गावभर हसं झालं. हसणाऱ्यांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी चेष्टा करायलाच दुकानात गेलो. अप्पा काकूंच्या तोंडाजवळ कान नेऊन एकेक अक्षर टाइप करत होते.

"मोबाइलवर बोलून मराठी करून बगितलं, पर त्याला हिचं बोबडं कळत न्हाई," ते म्हणाले. "मला आवाज कळतोय, अर्थ न्हाई. लग्न झालं तवा मीच म्हणलो होतो, या घरात कानडी चालायची न्हाई. लय कडक बोललो होतो. त्याच्याच शिव्या देत असंल."

मी ते वाक्य भाषांतराला टाकलं. पडद्यावर मराठीत उमटलं, 'तुम्ही जेवलात का?'

अप्पांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सर," ते हळूच म्हणाले, "जेवलो, असं कानडीत कसं म्हणायचं? वरीस झालं, बाई वाट बघायलीय."