पोट भरल्याचा निरोप

ज्या उंदरांना औषध दिलंच नव्हतं, त्यांनीही सकाळपासून खाण्याला तोंड लावलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

पोट भरलं की आतड्यातून एक हार्मोन मेंदूला तसा निरोप धाडतं. तो निरोप जास्त वेळ टिकावा म्हणून बाईंनी एक रेणू घडवला होता. आतड्यातल्या आणि मेंदूतल्या, दोन्हीकडच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे निरोप झेलणाऱ्या खाचेत, तो चपखल बसायचा, निदान कागदावर तरी. औषधवाल्या उंदरांनी थोडं खावं आणि बिनऔषधवाल्यांनी ताव मारावा, एवढंच आज दिसायला हवं होतं. नाहीतर प्रयोगशाळेचे साहेब काम गुंडाळणार होते आणि बाईंच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडणार होतं.

“औषधाची अदलाबदल तर नाही ना झाली?” त्यांनी पिंजरे सांभाळणाऱ्या मिशीवाल्यांना विचारलं.

“मी काय दूधखुळा आहे का, बाई?”

तरी बाटल्या तपासल्या. बरोबर निघाल्या. मग खाणं बदललं. उंदीर कोपऱ्यात ढिम्म. बाई पिंजऱ्याला नाक लावून बसल्या. काळजीनं मिशीवालेही शेजारी बसले. कुणकुण लागताच बाजूच्या खोलीतले लोक डोकावायला आले. शेवटी साहेब आले, चष्मा थेट पिंजऱ्याच्या काचेला टेकवून म्हणाले, “खा की रे लेकांनो!” उंदीर एकमेकांच्या अंगाखाली शिरले.

साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत नेलं आणि पडद्याकडे पाठ करून बोलायला सुरुवात केली. पडद्यावर पिंजऱ्यांच्या कॅमेऱ्यातलं दृश्य चालू होतं. बाईंनी आजवर त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. समोर बसून बघितल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही.

“सांगताना मला फार जड जातंय...”

पडद्यावर एका उंदरानं मान वर काढली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो वाटीकडे धावला. त्याच्या मागोमाग सगळे बिनऔषधवाले खाण्यावर तुटून पडले. औषधवाले सावकाश आले, चार घास खाऊन त्यांनी तोंडं पुसली आणि सुखानं आडवे झाले.

“...पण हे काम इथंच थांबवावं लागेल.” साहेबांनी मान वर केली. समोर सगळे हसत होते. मिशीवाले तर डोळे पुसत होते.

“अहो, मी काम बंद करतोय आणि तुम्ही दात काय काढताय?”

“साहेब, मागे बघा,” बाईंनी आनंदानं पडद्याकडे बोट दाखवलं. “आपण टक लावून बसलो होतो म्हणून ते खात नव्हते हो!”

साहेब वळले आणि बघतच राहिले. मग “जवळून बघू, जवळून बघू!” करत दाराकडे धावत सुटले.

मिशीवाल्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचा दंड धरला.

“खाली बसा!” ते ओरडले.

आणि साहेब निमूटपणे खाली बसले.