गुण येईस्तोर बसा

पाहुण्याला चहानंतर सुपारी देणारी घरं मी पुष्कळ पाहिली. गोळी देणारं घर एकच, आमच्या शेजारच्या तात्यांचं. मानवतला आमची भिंतीला भिंत आहे, त्यामुळे हा पाहुणचार मला रोज ऐकू यायचा.

माणूस टेकला की तात्या विचारणार, "डोकं दुखायलंय का?" नाही म्हटलं की गुडघ्यावर येणार. गुडघाही ठीक निघाला तर, "मग कंबर तरी दुखत असंल." शेवटी पाहुणा कंटाळून काहीतरी कबूल करायचा. मी मात्र कधी सापडले नाही. मला काही दुखत नाही, असं ठणकावून सांगायचं आणि ब्लाऊज शिवायचे पडलेत म्हणून घरी पळायचं.

गोळ्या असायच्या पानाच्या पितळी डब्यात. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला लावली तेव्हा डबा रिकामा पडला आणि तात्यांना ते बघवेना. मग चुन्याच्या खणात पांढऱ्या गोळ्या आल्या, काताच्या खणात तांबड्या, आणि सुपारीच्या खणात कुणाच्या कुठल्या ते देवालाच ठाऊक. गल्लीत कुणी आजारातून उठलं की तात्या आधी चौकशीला आणि मग उरलेल्या गोळ्या मागायला हजर. त्यातल्या दुखण्याच्या गोळ्यांवर त्यांचा विशेष जीव.

पाहुण्याला एक दिली की स्वतः एक तोंडात टाकायची, वर घोटभर पाणी प्यायचं आणि म्हणायचं, "आता गुण येईस्तोर बसा." पाहुणा बिचारा बसायचा. वालूरचे त्यांचे मेहुणे बाजाराला आले की हमखास एस.टी. चुकवायचे. एकदा ते म्हणाले, आला गुण. तात्यांना पटेचना. इतक्या लवकर कुठं गुण येतो, म्हणून त्यांनी मेहुण्यांना पुन्हा खाली बसवलं. मी एकदा चिडून विचारलं, की तात्या, हा काय प्रसाद आहे का वाटायला? तर म्हणे, प्रसादानं गुडघा दुखायचा राहतो का?

या उन्हाळ्यात तात्यांचं तोंड आलं. साधं नाही, भाकरी सोडा, पाणी गिळवेना. पाय सुजले, लघवी कमी झाली. तात्यांनी निदान केलं: ऊन बाधलं. आणि औषधासाठी हात कुठे गेला तर डब्याकडे. मी डबा हिसकावून पिशवीत घातला, त्यांना रिक्षात घातलं आणि परभणी गाठली. त्यांचा मुलगा पुण्याला, त्याला वाटेतूनच फोन केला.

डॉक्टरांनी विचारलं, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? तात्यांनी शहाण्यासारखं सांगितलं, बीपीची रोज एक आणि सांध्यांसाठीची आठवड्यातून एक. आणखी काही? काही न्हाई. मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि एकेका खणातल्या गोळ्या टेबलावर काढून बघितल्या.

मग त्यांनी समजावलं. आठवड्याची ती गोळी आपलं काम करून किडनीवाटे बाहेर पडायला हवी. पण दुखण्याच्या गोळ्यांच्या माऱ्यानं किडन्या मंदावल्या आणि ती गोळी अंगातच साचत गेली. घेतली बेतानं, झाली जास्त.

तात्यांची सगळी नोकरी जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर गेलेली. ते म्हणाले, "म्हंजे कापसाच्या सीझनला गेटावर व्हायचं तसं. आतल्या गाड्या निघंनात आन् बाहेरच्या यायच्या थांबंनात."

"तसंच. आणखी थोडे दिवस गेले असते तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना भरती करून घेतलं. गुडघे इतके दुखत होते का, असंही त्यांनी विचारलं.

"न्हाई ओ. आठवड्याच्या गोळीनं दुखणं कवाच थांबलंय."

माझं डोकंच फिरलं. वॉर्डात सलाईन लागल्याबरोबर मी विचारलं, मग एवढ्या गोळ्या खाल्ल्या कशाला?

"पाव्हण्याला एकट्याला खाऊ घालावं का, सूनबाई?" तात्या म्हणाले. मग तोंड भिंतीकडं करून हळूच बोलले, "तुझी काकू गेल्यापासून माणसं उभ्या उभ्या येतेत. च्या पिला की उठतेत. गोळी दिली तर गुण येईस्तोर तरी बसतेत."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. भिंतीला भिंत असून मी तरी किती वेळा टेकले होते त्यांच्या घरी?

तात्या बरे होऊन आले. डबा मी आधीच रिकामा करून, घासून त्यांच्या कोनाड्यात ठेवला होता. संध्याकाळी पिठलं द्यायला गेले तर तात्यांनी तो समोर ओढला. बघते तर सगळ्या खणांत बडीशेप. चुन्याच्या खणातसुद्धा.

चिमूटभर माझ्या हातावर ठेवून ते अवघडून म्हणाले, "हिला काय गुण न्हाई. जा तू, तुझे ब्लाऊज पडले असतील."

पडले होतेच. उद्याच्या लग्नाचे होते. मी बडीशेप तोंडात टाकली आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

"तात्या," मी म्हटलं, "आज कंबर लय दुखायलीय."