ताईने तोंड उघडायचं नाही

"अरे ठोंब्या, बोल ना पुढे!"

हा आवाज ताईचा. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि शाळेच्या स्टेजवर पडद्याआड उभी राहून कुजबुजत होती. पण त्या घरात कुजबुजणं कोणाला कधी जमलंच नाही. माइकने तो आवाज अलगद उचलला आणि सभागृहभर वाटून टाकला. कवितेच्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये उभा असलेला आठ वर्षांचा धाकटा भाऊ तिथेच राहिला. सभागृह खदखदून हसलं. चौथी ओळ राहिली ती राहिलीच, आणि ठोंब्या हे नाव मात्र मुख्याध्यापकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आता ठोंब्या अडतीस वर्षांचा होता. एका ऑफिसात सर्व्हर आणि त्यांच्यातला डेटा सांभाळायचा. यंत्रांशी गोडीगुलाबीने बोलायचा, पण चार माणसं समोर आली की बुटांकडे बघत बसायचा. स्वतःच्या वाढदिवसालासुद्धा मेणबत्ती फुंकून तो लगेच स्वयंपाकघरात पळायचा.

अशा माणसाला गावातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. संयोजक फोनवर म्हणाला, "वीस मिनिटं बोला हो. तुमच्याकडे मागे सगळा डेटा उडाला होता ना, तीच गोष्ट सांगा. दुसऱ्याची फजिती ऐकायला लोक उपाशीपोटीसुद्धा बसतात."

डेटा उडाला होता हे खरंच. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवणानंतर सगळ्या गिऱ्हाइकांच्या नोंदी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गडप झाल्या. तीन दिवस खपून ठोंब्यानेच त्या परत आणल्या. दोष गेला कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरकडे. त्याला सगळे आजीबाई म्हणायचे. आजीबाईची रवानगी भंगारात झाली. साहेब निरोपाचे दोन शब्दही बोलले, आणि त्यांनी ठोंब्याला 'तारणहार' म्हणून एक पेन दिलं.

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, ठोंब्याला आणि ताईला. त्या दुपारी ठोंब्याच्या कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एक सरावाच्या डेटाची, एक खऱ्या डेटाची. त्याला सरावाची रिकामी करायची होती. त्याने खरी केली.

"मग भाषणात काय सांगणारेस?" ताईने विचारलं.

"आजीबाई बिघडली."

"लाज वाटत नाही? बिचारी उलटून बोलू शकत नाही म्हणून?"

"अगं, साहेब पहिल्या रांगेत बसणारेत! आणि हे बघ ताई, तू ये, पण शपथ घे. काहीही होऊ दे, छप्पर कोसळू दे, तू तोंड उघडायचं नाही."

ताईचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाली, "बरं. शपथ. पण एक ऐक, पडद्याकडे तोंड करून बोलू नकोस. लोकांना पाठ दाखवायची नाही."

ठोंब्याने ते मनात कोरून ठेवलं. चष्म्याविना दिसावं म्हणून स्वतःसाठी ढब्बू अक्षरांत नोट्स लिहिल्या. त्या फक्त लॅपटॉपवर आपल्याला दिसणार आणि मागे पडद्यावर लोकांना स्लाइड दिसणार, अशी ती सोय होती. तरी भीतीपोटी पंधरा दिवस आरशासमोर त्याने त्या घोकून घोकून पाठही केल्या.

मेळाव्याच्या दिवशी त्याने प्रोजेक्टरची वायर जोडली आणि लॅपटॉपकडे पाहिलं. नोट्स गायब! तिथे नुसत्या स्लाइड. संयोजकाला विचारायची हिंमत होईना. 'पाठ आहे सगळं, जाऊ दे,' असं म्हणून त्याने सुरुवात केली. दोन पडद्यांची अदलाबदल झाली असेल, हे दोन खिडक्यांत गल्लत करणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यात आलंच नाही.

"मित्रांनो, मला फार आनंद होतोय..."

सभागृहात खसखस पिकली. मागे पडद्यावर हातभर अक्षरांत झळकत होतं: *आनंद झाल्यासारखं दाखव. पाय हलवू नकोस.*

ठोंब्या खुलला. लोक हसतायत म्हणजे जमतंय! त्याने सहज आठवल्यासारखं कपाळ चोळलं. मागे: *इथे सहज आठवल्यासारखं कपाळ चोळ.* टाळ्याच पडल्या. तो पाणी प्यायला. *पाणी पी. ग्लास पाडू नकोस.* ग्लास पडला नाही म्हणून एकाने शिट्टी मारली.

तिसऱ्या रांगेत ताईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मध्येच एक हात सोडून तिने त्याच्यामागे बोट दाखवलं. ठोंब्याला वाटलं, खांदे मागे घे म्हणतेय. त्याने छाती काढली. ती बोट गोल फिरवायला लागली. त्याला वाटलं, लवकर आटप. त्याने दोन स्लाइड एकदम पुढे ढकलल्या.

आणि सभागृह एकाएकी गप्प झालं.

मागे लिहिलं होतं: *आता आजीबाईवर ढकल. आवाज गंभीर. डेटा आपणच उडवला हे चुकूनही बोलू नकोस. साहेब पहिल्या रांगेत.*

साहेबांनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"तर त्या दुपारी," ठोंब्या म्हणाला, "आमच्या जुन्या सर्व्हरने..."

आणि तो थांबला. दीडशे माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती. एवढ्या मायेने त्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. त्याला कोपऱ्यातली आजीबाई आठवली. अकरा वर्षं तिने कुरकुर केली नाही, मरतानासुद्धा हिरवा दिवा लावून गेली. त्याने ताईकडे पाहिलं. ताई गप्प. कोणीच पुढची ओळ सांगत नव्हतं.

"सर्व्हरने काही केलं नाही," तो म्हणाला. "मी केलं. खिडकी चुकलो. आता मी खऱ्या खिडकीला लालभडक रंग दिलाय. तुम्हीही द्या. आपण काय उघडं ठेवलंय, ते आपल्याला आधी कळलं पाहिजे."

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. ठोंब्या भांबावला, वळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांना पाठ दाखवून त्याने पडदा वाचला. घाईघाईने त्याने लॅपटॉप मिटला.

साहेब जवळ आले. "दोन मिनिटांपूर्वीच वाचलं मी. तू काय बोलतोस तेवढंच बघत होतो. उद्या नऊला केबिनमध्ये ये. नोट्स आणू नकोस. आणि ते पेन आण."

बाहेर पायरीवर ठोंब्या ताईवर उखडला. "सगळं दिसत होतं आणि तू गप्प बसलीस?"

"शपथ कोणी घातली होती?"

"एरवी पाळतेस का कधी?"

ताई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग तिला कधीच न जमलेल्या कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "आज तू थांबलास ना, तेव्हा जीभ शिवशिवत होती माझी. पण एकदा चुकलेय रे मी. तीस वर्षं सांगायची हिंमत झाली नाही. शाळेत चौथी ओळ येत होती तुला. तू नुसता श्वास घ्यायला थांबला होतास. घाई मीच केली."