उजव्या गुडघ्याचे उपकार

लाजरसबाबा पहाटे दारात उभे राहून देवाचे आभार मानत, आणि ते आभार ओढ्यापलीकडच्या वस्तीलाही ऐकू जात.

"प्रभू, उपकार! उजाडलं, उपकार! डावा गुडघा दुखतोय, उजवा न्हाई दुखत, त्या उजव्याचे उपकार! सगुणाबाईची शेळी व्याली, दोन्ही करडं जित्ती हायेत, उपकार! मास्तरांचं आन् मास्तरीनबाईंचं भांडान मिटलं, लई लई उपकार!"

मास्तर म्हणजे मी. गल्लीतल्या शाळेत शिकवत होतो आणि चर्चच्या मंडळीचा चिटणीसही होतो. आमचं भांडण झालेलं कोणाला कळलं नव्हतं. मिटल्याचं मात्र सगळ्या गल्लीला कळलं.

आमचं गाव नेवाशाकडचं. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची एक गल्ली, तिच्या टोकाला लाजरसबाबांची खोली. मिशनच्या बंगल्यावर माळीकाम करून ते म्हातारे झाले होते. बायको देवाघरी गेलेली, एकुलती मुलगी सोलापूरकडे दिलेली. बायबलातल्या, मेल्यातून उठलेल्या लाजरसचं नाव असलेला माणूस रोज पहाटे असा ओरडून उठायचा, तेव्हा गल्लीला चेष्टेसाठी दुसरा विषय शोधावा लागत नसे. पहिला 'उपकार' कानावर पडला की शेजारची सगुणाबाई चूल पेटवता पेटवता करवादायची, "उठला म्हातारा!" मग पलीकडच्या घरातून कोणीतरी म्हणायचं, "उठला का? उठला." असा दिवस सुरू व्हायचा.

बाबांचा एक नियम होता. सकाळी देवाकडे काही मागायचं नाही, फक्त आभार मानायचे. मागणं संध्याकाळी. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आवं मास्तर, उजाडल्या उजाडल्या हात पसरला तर देव म्हनंल, ह्यानं आजून तोंडसुदीक धुतलं न्हाई, आन् आला मागाया!"

बाहत्तरच्या दुष्काळात या नियमाची परीक्षा झाली. विहिरी आटल्या. शिकलेली न शिकलेली सगळी माणसं खडी फोडायला जाऊ लागली. ओढ्यापलीकडचे रंभाजी पाटील एकदा सकाळी सकाळी थांबून म्हणाले, "लाजरसबाबा, रोज वरडता, तर तुमच्या देवाला जरा पाऊस मागा की!"

"सांच्याला मागतो, पाटील. रोजच मागतो. सकाळी न्हाई."

"मग सकाळी काय सांगता त्याला?"

"हाय त्येचं सांगतो."

आणि असेल त्याचं ते खरंच सांगत. "बापजाद्यांनी खांदलेल्या हिरीचा तळ आज डोळ्यांनी बगितला, उपकार! मिलोची भाकर लाल हुती, पर गोल हुती, उपकार!" रेशनवर मिळणारी ती लाल मिलो ज्वारी घशाखाली उतरत नसे. गल्ली आधी हसली. मग हसेनाशी झाली. रिकाम्या पोटी 'उपकार' ऐकला की तो कोणीतरी आपल्याला उद्देशून म्हणतोय असं वाटू लागतं.

बाबांच्या समोर योहान राहायचा. चारा संपला म्हणून त्याने आपली बैलजोडी घोडेगावच्या बाजारात मातीमोलाने विकली. घरी आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला. पहाटे बाबांचा आवाज आला, "योहानच्या बैलांना गिऱ्हाईक मिळालं, उपकार!"

योहान काठी घेऊनच बाहेर आला. आम्ही चौघांनी त्याला धरला. "जीव घेईन थेरड्याचा! माझी दावन रिकामी झाली आन् ह्यो उपकार मानतोय!"

दुपारी गल्ली माझ्याकडे आली. मास्तर, तुम्हीच सांगा. मी गेलो.

बाबा उंबऱ्यात बसले होते. मी बोलायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक शेतकरी हुतं वो, खाटीक नव्हता. म्या बी काल बाजारात हुतो, इचारून आलो. म्हनून उपकार म्हनलं."

इथेच मी थांबायला हवं होतं. हेच योहानला जाऊन सांगायला हवं होतं. पण मी मास्तर होतो, बोलायचं ठरवून गेलो होतो. म्हणालो, "ते खरं, बाबा. पण जरा हळू म्हणत जा. देव काही बहिरा नाही."

"देव न्हाई वो बहिरा," ते म्हणाले. पुढे काहीतरी बोलणार होते. गल्लीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "बरं. तुमी शिकलेले."

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्ली शांत. पण कुठूनतरी खोल घुमल्यासारखा आवाज येत होता. मी दबकत जाऊन त्यांच्या दारातून पाहिलं. बाबा रिकाम्या रांजणात डोकं घालून उपकार मानत होते. पोटातून ओरडायची सवय त्यांना हळू बोलू देत नव्हती, म्हणून त्यांनी हा मार्ग काढला होता. मी ती गंमत शाळेत सांगितली, गल्लीत सांगितली. सगळे पोट धरून हसले. योहानसुद्धा. बाबांच्या कानावर गेलं असावं. मग रांजणातला आवाजही बंद झाला, ते नुसते ओठ हलवू लागले.

आता पहाटे 'उठला म्हातारा' कोणी म्हणेना. म्हणायला काही कारण नव्हतं.

एकदा पाण्याचा टँकर आला, रांगेत सगळ्यांच्या घागरी लागल्या. बाबांची दिसली नाही. कोणी म्हणालं, लेकीकडे गेला असेल. दार नुसतं लोटलेलं होतं. मी त्या दारावरून माझी घागर घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सगुणाबाई माझ्याकडे आली. चेहरा कसानुसा झालेला. "मास्तर, म्हातारा उठला का वो?"

"म्हणजे?"

"न्हाई, मला ठावं न्हाई म्हनून इचारलं. कुनालाच ठावं न्हाई."

आम्ही दार ढकललं. बाबा रांजण आणि भिंत यांच्या मधे पडले होते. मांडीचं हाड मोडलं होतं. ओठ सुकून चिरले होते. सगुणाबाईने पदर ओला करून त्यांच्या तोंडाला लावला. मी म्हणालो, आणि मला आठवतं की मी रागावूनच म्हणालो, "बाबा, हाक नाही का मारायची?"

"मारली की," ते म्हणाले. "हळू मारली. तुमी म्हनला हुता न्हवं?"

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आला तुमी. उपकार." तेही हळूच.

त्यांना नगरला दवाखान्यात नेलं. मोठ्या रस्त्यापर्यंतची बैलगाडी रंभाजी पाटलांची होती, योहान पुढे बसून हाकत होता. बाबा परत आले नाहीत.

मातीच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "अलीकडे ते प्रार्थना करीत नव्हते म्हणे?" कोणीतरी म्हणालं, दुष्काळानं म्हाताऱ्याचा इस्वास गेला. मी चिटणीस होतो, बाजूलाच उभा होतो. मी माती लोटत राहिलो.

ती गोष्ट तशीच राहिली. गेल्या वर्षी चर्चमध्ये पीक-सणाला, नव्या पिकाचे आभार मानतात तेव्हा, एका तरुण पाळकांनी उपदेशात ती सांगितली. आपल्या भागात लाजरस नावाचा एक माणूस होता, रोज उपकार मानायचा, संकट आलं आणि त्याचा आवाज बंद झाला, आपण तसं होऊ नये. लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या बाकावर होतो.

म्हणून हे लिहिलं. लाजरसबाबांचा विश्वास गेला नव्हता. त्यांचा आवाज दुष्काळाने नाही, मी बंद केला. 'देव न्हाई वो बहिरा' याच्या पुढचं वाक्य त्यांनी का गिळलं, हे मला स्वतः म्हातारा आणि एकटा झाल्यावर कळलं.

मी आता नगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. रोज पहाटे गॅलरीत उभा राहून मोठ्याने म्हणतो, "प्रभू, उपकार!" माझे दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळे तिथे थोडी अडचण होते. खालचे कुलकर्णी खिडकी आपटतात आणि बायकोला म्हणतात, "उठला म्हातारा."

तेवढं ऐकलं की मी आत येतो.